खाडीकाठच्या दोन शहरांचा लष्करी नकाशा : प्रस्तावना

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांची माणसे खांदेरी बेटावर तटबंदी उभारू लागली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांना काय करायचे ते अगदी स्वच्छ दिसत होते. बेट समुद्रात. दगड, चुना, धान्य, दारूगोळा, सगळे किनाऱ्यावरून येणार. किनारा आणि बेट यांच्यामध्ये जहाजे उभी केली की काम आपोआप थांबणार. जहाजे उभी राहिली, काम थांबले नाही. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान साठेक नावांचे आरमार घेऊन इंग्रजांवर चालून आला. त्यांचे 'डोव्हर' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. मग इंग्रजांच्या 'रिव्हेंज' जहाजाच्या तोफा धडाडू लागल्या, तशी मराठ्यांची गलबते वळली आणि नागोठण्याच्या खाडीत शिरली. इंग्रज मागोमाग आले ते खाडीच्या तोंडापर्यंत. पुढे पाणी उथळ. त्यानंतरही लहान होड्या रात्री बाहेर पडत राहिल्या, बेटावर रसद पोहोचत राहिली. १६८० उजाडल्यावर इंग्रजांनी तहाची भाषा सुरू केली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

एकाच पाण्याचे तेव्हा दोन नकाशे होते. इंग्रजांसाठी खाडीचे तोंड म्हणजे जिथे आपले जहाज अडकेल ती रेषा. दौलतखानाच्या तांडेलांसाठी मात्र ती रेषा रोज सरकणारी होती. कोणत्या तिथीला, भरती किती चढल्यावर, किती भरलेली होडी कुठवर जाईल हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. आज संगणकावर ज्याला भूस्थानिक विश्लेषण म्हणतात, त्यातला निदान निम्मा भाग हाच प्रश्न विचारत असतो: अमुक वाहन, अमुक ओझे घेऊन, अमुक वेळी इथून तिथे जाईल का? नागोठणे आज रोहे तालुक्यात आहे. अंबा नदीच्या त्याच खाडीला खाली धरमतरची खाडी म्हणतात, आणि पेणची भोगावतीही तिलाच मिळते. वस्तीच्या जागी लष्करी नियोजनाला उपयोगी पडतील अशी साधने कशी घडवावीत हे शिकवणाऱ्या या पुस्तकाने सरावासाठी पेण आणि रोहे ही दोन गावे निवडली, याचे मला आश्चर्य वाटले नाही ते त्यामुळेच.

तरी वाचकाला वाटेल. शहरी युद्ध म्हटले की डोळ्यांसमोर स्टालिनग्राड येते, ग्रोझ्नी येते, २०१६-१७ मध्ये नऊ महिने चाललेली मोसुलची लढाई येते. मराठी माणसाला तर थेट २६ नोव्हेंबर २००८ आठवतो. पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती घडतात, पोहे आणि पापड मिळतात. रोह्याला कुंडलिका आहे, धाटावची कारखानदारी आहे, कोकण रेल्वे सुरू होते. या गावांचा रणगाड्यांशी काय संबंध?

पुस्तकाचे स्वतःचे उत्तर असे की मोठ्या शहरांची माहिती मुबलक असते, म्हणून तिथे साधन चांगले चालते आणि आपली फसगत होते. मुंबईत प्रत्येक इमारतीचा आराखडा कुठल्या तरी दप्तरात असतो, रस्त्यांची नावे असतात, उपग्रहचित्रे वरचेवर नवी येतात. तालुक्याच्या गावी यातले काहीच धड नसते. साधनाची परीक्षा तिथे होते. हे मला पटते. पण माझ्या मते याहून मोठे कारण दुसरे आहे. आपल्या देशात लष्कर शहरात शिरते ते बहुतेक वेळा शत्रूच्या मागावर शिरत नाही. मुलकी प्रशासनाचे हात टेकले की जिल्हाधिकारी लष्कराला बोलावतात, आणि जवान होड्या, दोर, पूल आणि डॉक्टर घेऊन येतात. रायगड जिल्ह्याने हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. २४ जुलै १९८९ ला अंबा नदी चढली आणि जांभूळपाड्यात हाहाकार उडाला. २६ जुलै २००५ च्या पावसात महाडच्या परिसरात डोंगर खचले. २०२१ च्या जुलैत महाड आणि चिपळूण पाण्याखाली असताना लष्कर, नौदल, तटरक्षक दल आणि एनडीआरएफ एकाच वेळी कोकणात उतरले होते. परक्या गावात, रात्री, पावसात, वीज नसताना, तिथली भाषा न येणाऱ्या तुकडीला कुठून कुठे जायचे हे ठरवावे लागते. लष्करी नियोजनाचे हे रूप पेण-रोह्याला नवे नाही, आणि उद्याही लागेल ते बहुधा हेच. पुस्तकाच्या नावातल्या 'लष्करी' या शब्दाने बिचकलेल्या नगरपालिकेच्या अभियंत्याने पुस्तक खाली ठेवू नये, म्हणून हे आधीच सांगितले.

अर्थात दुसरी बाजू आहेच, आणि ती याच किनाऱ्यावरची आहे. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले आणि रायगडच्याच रस्त्यांनी मुंबईकडे गेले. १२ मार्चला मुंबईतल्या बाँबस्फोटांत २५७ माणसे मेली. वाटेत पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या आणि पैसे घेऊन सोडल्या होत्या, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. तिथे कुठल्याही नकाशाची उणीव नव्हती. २००८ साली मात्र होती. हल्लेखोर 'कुबेर' ट्रॉलरमधून आले, रबरी होडीने बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीशी उतरले, आणि त्यांच्याजवळ जीपीएस होते. त्यांच्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने आधी मुंबईत राहून जागा चित्रित केल्या होत्या, बोटीतून फिरून उतरण्याच्या जागा जीपीएसवर नोंदवल्या होत्या. उलट, ताजच्या जुन्या इमारतीत शिरलेल्या आपल्या जवानांना आतल्या वाटा चालत चालतच समजून घ्याव्या लागल्या. शहराचा नकाशा परक्याला ठाऊक आणि घरच्याला नाही, अशी ही उफराटी गोष्ट.

ती तशी का झाली, याची मुळे आपल्या नकाशांच्या इतिहासात आहेत. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांना वाटा माहीत हव्यात, हा त्याच्या जन्मामागचा साधा हेतू. कोकणाचा या कथेतला वाटा मात्र फारसा कुणी सांगत नाही. टॉमस बेस्ट जर्व्हिस हा मुंबई इंजिनिअर्सचा अधिकारी १८२० च्या दशकात दक्षिण कोकणाची मोजणी करत होता. गावे, लोकसंख्या, पिके, वाटा, सगळे एकत्र मांडायची त्याला हौस होती. पुढे विलायतेला परतल्यावर क्रिमियाचे युद्ध सुरू झाले, आणि रशियन सैन्याने केलेला क्रिमियाचा नकाशा जर्व्हिसने बेल्जियममधून मिळवला. ब्रिटिश युद्धखात्याजवळ त्या तोडीचा नकाशा नव्हता. त्यातून १८५५ मध्ये युद्धखात्याची नकाशे आणि आकडेवारीची स्वतंत्र शाखा निघाली, तिचा प्रमुख जर्व्हिस. ब्रिटिश लष्करी गुप्तवार्तेची वंशावळ मागे नेली की या शाखेशी येऊन पोहोचते. जमिनीचा नकाशा आणि माणसांची आकडेवारी एकाच टेबलावर ठेवायची सवय त्याला लागली ती इथल्या भातखाचरांतून हिंडताना, असे मानायला मला आवडते. पुरावा मागू नये.

स्वातंत्र्यानंतर ही विद्या आपल्या हाती आली आणि आपण तिला कुलूप लावले. सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. पेण आणि रोहे दोन्ही या पट्ट्यात अगदी आत. म्हणजे पेणच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना विदर्भातल्या एखाद्या तालुक्याचे पत्रक विकत घेता येई, स्वतःच्या गावाचे नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या, तेव्हा दार किलकिले झाले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते बरेचसे उघडले आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने त्यावर शिक्का मारला. दरम्यान बाहेरच्या जगाने वाट पाहिली नव्हती. परदेशी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर रोह्याच्या घरांची कौले मोजता येत होती, आणि तहसील कचेरीत मात्र जुन्या पत्रकाची जीर्ण प्रत.

त्या जुन्या पत्रकांबद्दल एक गमतीची गोष्ट. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या मालिकेत पेण ४७ एफ/२ या पत्रकाच्या अगदी वरच्या कडेला येते. गावाच्या उत्तरेला थोडे सरकले की ४७ एफ/१ सुरू. रोहे ४७ एफ/३ मध्ये. एवढ्या टापूचे नियोजन करायचे तर तीन पत्रके शेजारी मांडावी लागत, आणि पेण नेमके दुमडीत जाई. संगणकाने ही अडचण मिटवली हे खरे. पण तिची नवी रूपे निघाली आहेत: नगरपालिकेची हद्द संपते तिथे माहितीचा एक साठा संपतो, ग्रामपंचायतीचा दुसराच सुरू होतो, आणि दोन्हींमधला रस्ता कुठल्याच साठ्यात नसतो.

आता साधनांकडे येऊ. ती फुकट मिळतात, हे नव्या वाचकाला खरे वाटत नाही. ग्रास नावाची जीआयएस प्रणाली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैन्याच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. लष्करी तळांच्या जमिनींची निगा राखण्यासाठी केलेली ही प्रणाली आज कुणीही उतरवून घेऊ शकतो. जीपीएसचा जन्मही लष्करी. आपल्याकडे कार्टोसॅट मालिका आहे, २५ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपणारा कार्टोसॅट-३ नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला, आणि ढगांतून पाहणारे रडार-उपग्रह आहेत. जुलैत कोकणावर साधा कॅमेरा आंधळा असतो, म्हणून रडारचे मोल. यंत्रांबद्दल इतके पुरे. पुस्तकाची पहिली चार प्रकरणे त्यांनाच वाहिलेली आहेत आणि ती स्वच्छ लिहिली आहेत.

माझा जीव अडकतो तो पाचव्या प्रकरणात, खारेपाटात.

पेणच्या पश्चिमेला गेले की जमीन सपाट होते. ही सगळी समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून खाडीचे पाणी बाहेर ठेवले, पावसाचे पाणी सोडायला उघाड्या ठेवल्या आणि आत भात पिकवले. बांध साधारण माणसाच्या उंचीचा, वर पायवाटेएवढी रुंदी. उधाणाच्या दिवशी या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या वर जातो. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात आणि मग गावात. खारभूमी विकासासाठी सरकारचे एक वेगळे खाते आहे, १९७९ चा कायदा आहे, आणि तरी उघाडीची फळी कधी टाकायची आणि कधी काढायची हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्यालाच नेमके माहीत असते.

आता हीच जमीन संगणकाला कशी दिसते ते पाहा. जगभर सर्रास वापरले जाणारे उंचीचे मॉडेल २००० च्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने टिपले. त्याचा एक चौकोन ३० मीटरचा, आणि उंचीतली चूक काही मीटरची. खारेपाटातले सगळे नाट्य तर दोन-तीन मीटरमध्ये घडते. बांध त्या चौकोनात विरून जातो. वर रडारला जमीन दिसत नाही, तिच्यावरचे जे काही आहे ते दिसते: कांदळवनाचा शेंडा, घराचे छप्पर. परिणामी मॉडेलवर कांदळवनाची जागा उंच आणि कोरडी ठरते, आणि प्रत्यक्षात कोरडा असलेला बांधाच्या आतला भाग पाण्याखाली. अशा मॉडेलला सर्वात सोपी वाट विचारली तर ते जड गाडी थेट चिखलात पाठवते. पुस्तकाने ही चूक आधी मुद्दाम घडू दिली आहे. विद्यार्थी पेणहून खाडीपर्यंतची वाट काढतो, साधन झोकात उत्तर देते, आणि पुढच्या पानावर त्या वाटेची ओहोटीच्या वेळची छायाचित्रे येतात. शिकवण्याची ही रीत मला फार आवडली.

दुरुस्ती कशी करायची, तर बांध आणि उघाड्या हाताने रेखाटून उंचीच्या मॉडेलमध्ये कोरायच्या. ड्रोनने नेमकी उंची घ्यायची. आणि मुख्य म्हणजे वेळ हा एक स्वतंत्र थर मानायचा. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. उधाण आणि भांग यांत पाण्याची चढ-उतर कितीतरी वेगळी. त्यामुळे खाडीकाठच्या नकाशावर 'जाता येईल' आणि 'जाता येणार नाही' असे दोनच रंग देणे म्हणजे खांदेरीच्या इंग्रजांची चूक संगणकावर पुन्हा करणे आहे. पुस्तकात एकाच टापूचे चार नकाशे शेजारी छापले आहेत: उधाणाची भरती, उधाणाची ओहोटी, भांगाची भरती, भांगाची ओहोटी. त्यांतल्या दोनांत काही गावे बेटे आहेत.

रोह्याची गोष्ट वेगळी, आणि तितकीच फसवी. नगरपालिकेच्या नावातच रोहा आणि अष्टमी दोन्ही आहेत. कुंडलिकेच्या एका तीरावर एक, दुसऱ्या तीरावर दुसरे. ही नदी केवळ पावसावर चढत-उतरत नाही. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला त्याचेच हे पाणी. वीज किती लागते त्यावर नदीतला विसर्ग ठरतो. कोलाडची राफ्टिंगची हौस त्याच विसर्गावर चालते. म्हणजे उन्हाळ्यातही सकाळची कुंडलिका आणि दुपारची कुंडलिका सारखी नसते. पात्र ओलांडायची योजना करणाऱ्याला हवामानखात्याबरोबर वीजघराचे वेळापत्रकही ठाऊक हवे. खाली रेवदंड्याकडून भरती येते ती आणखी वेगळी. पावसाळ्यात हे तिन्ही एकत्र आले की नदी इशारा पातळी ओलांडते. अशा वेळी पूल बंद झाला तर दवाखाना कोणत्या तीरावर राहिला, हा प्रश्न आधी सोडवून ठेवायचा असतो.

पुलांचेच घ्या. नकाशावर पूल म्हणजे रस्त्याची एक न तुटणारी रेघ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या इतर वाहनांसह नदीत कोसळल्या. तो पूल मुंबई-गोवा महामार्गावरचा, आणि हाच महामार्ग पेणवरून येतो. त्या रात्री प्रत्येक नकाशावर तो पूल शाबूत होता. लष्कर पुलाला भाराचा आकडा देते तो यासाठीच: पूल आहे की नाही एवढे पुरत नाही, तो आज काय सोसेल ते हवे. पुस्तकातल्या पूल-पत्रकात बांधणीचे साल, खांबांभोवतीची झीज, शेवटच्या तपासणीची तारीख असे रकाने आहेत. हे रकाने भरायला उपग्रह उपयोगाचा नाही. खाली उतरून पाहावे लागते.

वस्तीच्या आतला भाग तर उपग्रहाला फारच थोडा कळतो. वरून दिसतात ती छपरे. हमरापूर-जोह्याच्या बाजूला गणपतीच्या हंगामाआधी मूर्तींसाठी प्लॅस्टिकचे मांडव उभे राहतात. स्वयंचलित वर्गीकरणाने ते घरे म्हणून मोजले तर लोकसंख्येचा अंदाज फुगणार. आणि मूर्ती ट्रकांत चढत असतात त्या आठवड्यांत गल्ल्यांमधली वाहतूक एरवीच्या गल्ल्यांसारखी नसते. इथे पत्ता रस्त्याच्या क्रमांकाने सांगत नाहीत. आळी, पाडा, मोहल्ला, देऊळ, पिंपळ, एखाद्या बंद पडलेल्या गिरणीचे नाव, हेच पत्ते. बाहेरच्या तुकडीला वायरलेसवर "गिरणीच्या मागे" असे ऐकू आले तर तिने काय शोधायचे? म्हणून स्थानिक नावांचा थर रस्त्यांच्या थराइतकाच मोलाचा. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, आणि मग ती आळीआळीतून फिरते. गर्दीसकट पालखी जिथून जाते तिथून स्ट्रेचर नक्की जाते. पालखीचा मार्ग जीपीएसवर नोंदवा असा सराव या पुस्तकात असता तर मला आनंद झाला असता. पुढच्या आवृत्तीत लेखकाने विचार करावा.

आणखी एक कोकणी धडा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब पडले, मोबाईलचे मनोरे मुके झाले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. ज्या साधनाला इंटरनेट लागते ते अशा दिवशी खिशातल्या दगडाइतक्या कामाचे. तेव्हा नकाशा छापून, कापडावर चिकटवून, पाण्यात न भिजेल असा हवा. लेखक यावर फार बोलत नाही, पण परिशिष्टातले सगळे नकाशे कृष्णधवल छपाईतही वाचता येतील असे काढले आहेत, त्यावरून त्याला हे उमगले आहे.

लष्करी नकाशातली चूक किती महाग पडते याची दोन उदाहरणे पुस्तकात आहेत. ७ मे १९९९ ला नाटोच्या विमानांनी बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर बाँब टाकले; तीन चिनी पत्रकार मेले. अमेरिकेचा खुलासा असा की लक्ष्य दुसरेच होते, आणि दूतावास १९९६ मध्ये नव्या जागी हलला हे नकाशाच्या साठ्यात नोंदलेच गेले नव्हते. चीनने हा खुलासा मानला नाही. दुसरे कुंडुझचे: ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानातल्या त्या शहरात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या रुग्णालयावर अमेरिकन विमानाने मारा केला आणि ४२ माणसे गेली. रुग्णालयाने आपले अक्षांश-रेखांश आधीच कळवले होते. एका ठिकाणी माहिती जुनी, दुसऱ्या ठिकाणी माहिती असून नसल्यासारखी. म्हणून दवाखाने, शाळा, पाण्याच्या टाक्या, देवळे-मशिदी यांचा थर सगळ्यांत आधी भरावा आणि त्यावर तारीख घालावी, हा पुस्तकाचा आग्रह रास्त आहे. जिनिव्हा करारांसाठी १९६० चा आपला कायदाही आहे. तो कायद्याच्या विद्यार्थ्याइतकाच नकाशे करणाऱ्यानेही वाचावा.

इथे लेखकाशी माझा एक मतभेद आहे आणि तो झाकून ठेवायचे कारण नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात प्रत्येक वाटेला गुण देण्याची पद्धत आहे: चढ, रुंदी, पूल, गर्दी, आडोसा या सगळ्यांना वजने द्यायची, बेरीज करायची, जिचे गुण जास्त ती वाट घ्यायची. गणित बरोबर आहे. पण बेरजेत एक थर दुसऱ्याची भरपाई करतो, आणि प्रत्यक्षात तसे होत नाही. रुंद रस्ता, सौम्य चढ, चांगला आडोसा यांचे भरपूर गुण मिळवलेली वाट एका उघाडीपाशी गुडघाभर गाळात संपत असेल तर ती वाट शून्य गुणांची. निदान खाडीकाठी काही थरांना नकाराचा अधिकार हवा. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कार्तलबखान कुरवंड्याचा घाट उतरून उंबरखिंडीत शिरला तेव्हा त्यानेही कोकणात लवकर पोहोचवणारी वाट निवडली होती. अंतर कमी होते. खिंड अरुंद होती आणि दोन्ही अंगांच्या झाडीत महाराजांची माणसे बसली होती. मोठी फौज असूनही त्याला खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. गुणांच्या बेरजेने ती वाट कदाचित पहिली आली असती.

आणि एक शंका, जी वाचकही विचारील. असा तपशील उघड छापणे धोक्याचे नाही का? पुस्तकात जिल्ह्यातल्या संरक्षण आस्थापनांचा उल्लेख नाही, कारखान्यांच्या आतले काही नाही, वापरलेली सगळी माहिती कुणालाही मिळण्याजोगी आहे. व्यक्तींची घरे ओळखू येतील असा एकही नकाशा नाही. लोकसंख्या आळीच्या पातळीवर थांबते. ही मर्यादा मला योग्य वाटते. बांध, उघाड्या आणि भरतीच्या वेळा लपवून कुणाचे संरक्षण होणार नाही. त्या खाडीतल्या प्रत्येक होडीवाल्याला ठाऊक आहेत. कुलूप लावायचेच तर ते आळी सोडून घरापर्यंत पोहोचणाऱ्या माहितीला लावावे. हल्ली मोबाईलच्या ठावठिकाण्यावरून कोण कुठे झोपतो तेही काढता येते, आणि ते लष्कराच्या हाती असले काय किंवा एखाद्या कंपनीच्या, मला सारखेच अस्वस्थ करते.

वाचकाने सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करावी असा लेखकाचा सल्ला आहे. मी म्हणेन, पाचव्यापासून करा. सोबत त्या महिन्याचे भरतीचे कोष्टक घ्या, चिखलात जाईल अशी चप्पल घाला, आणि पेणहून खारेपाटात उतरून पुस्तकातला नकाशा बांधावर उभे राहून ताडून पाहा. जिथे चूक सापडेल तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. पानांची डावी बाजू त्यासाठीच कोरी सोडली आहे.